पाळणा आणि कामधंदा: घरात ठरून जाण्याआधी आपलं म्हणणं कसं मांडायचं

निफाड तालुक्यातल्या एका गावात मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्याकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असते. पंधरा ते एकोणपन्नास वयाची विवाहित बाई ज्या घरात आहे, त्या घराची नोंद त्यात असते. मुलं किती, शेवटचं केवढं, पाळणा लांबवायला काय वापरता, पुढचा विचार काय. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक सुना एकच उत्तर देतात, "घरचे म्हणतील तसं." यंदा पॅकहाऊसला, म्हणजे द्राक्षं निवडून खोक्यांत भरतात तिथे, कामाला जाणार का म्हणून विचारलं, तरी उत्तर तेच.

घरोघर फिरून माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी. कामाचं ठरवतात नवरा आणि सासरे, द्राक्षबागेच्या नाहीतर कांद्याच्या हिशोबाने. मुलाचं ठरवतात सासूबाई, भावकीत कोणाकडे पाळणा हलला त्यावरून. हे दोन्ही निर्णय कधी एकमेकांशेजारी ठेवून कोणी बघत नाही, आणि पार पाडायचे मात्र एकाच बाईने. म्हणून माझं सांगणं असं की कामाचं आणि मुलाचं बोलणं एकत्र काढा, आणि घरात ठरून जायच्या आत काढा. एकदा सासऱ्यांनी पाहुण्यांसमोर "यंदा सून बागेतच राहील" म्हटलं की ते बदलायला त्यांना कमीपणा वाटतो, मग तुमचं म्हणणं कितीही बरोबर असो.

आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या

आपल्याकडे कालनिर्णय नसलेलं घर सापडायचं नाही. त्यावर दुधाचा हिशोब असतो, मजुरांचे खाडे असतात, गॅस कधी लागला ते असतं. त्याच कॅलेंडरवर दुपारी एकट्या असताना पेन्सिलीने तुमचं वर्ष मांडा.

बागेचं वेळापत्रक तुम्हाला पाठच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठीची), मग फेलफूट म्हणजे जादा फुटवे काढणं, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, विरळणी म्हणजे घडातले जादा मणी काढणं. जानेवारीपासून काढणी, एप्रिलला खरड छाटणी. कांदेवाल्यांच्या घरी डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड, मार्च-एप्रिलला काढणी. आता त्याच पानांवर दुसरं लिहा. दिवाळीच्या सुमारास दिवस राहिले तर बाळंतपण आषाढ-श्रावणात येतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास राहिले तर जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे काढणीच्या ऐन भरात. त्या वेळी सव्वा महिन्याची बाळंतीण कोण सांभाळणार? मोठ्या पोराला अंगणवाडीत कोण सोडणार? गोठ्यात कोण जाणार? प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव लिहा. जिथे सगळीकडे तुमचंच नाव येतं, तिथे गोल करा.

हे मुलं बागेच्या सोयीने व्हावीत म्हणून करायचं नाही. एरवी तुमच्या डोक्यातच राहणारा भार घरातल्यांना डोळ्यांनी दिसावा, एवढ्यासाठी करायचं. आमच्या वस्तीवरच्या एका सुनेने असं पान नवऱ्यापुढे धरलं. तो बराच वेळ गोल मोजत बसला. मग पेन्सिल घेऊन त्याने दोन ठिकाणी तिचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं: गाईचं संध्याकाळचं दूध आणि पोराला शाळेत सोडणं. त्या घरात पुढचं सगळं बोलणं त्या पानावरून झालं.

तुमच्या कामाला आकडा द्या

पेठ-सुरगाण्याहून मजुरांची टोळी आली की घरात पैशाची चर्चा होते. रोज किती, उक्तं किती, उचल किती. त्याच बागेत त्याच ओळीत विरळणी करणाऱ्या सुनेच्या दिवसाचा हिशोब कुठेच लागत नाही. एका वहीत महिनाभर लिहून ठेवा, कोणत्या दिवशी किती वेळ बागेत होता. गावात चालू असलेल्या रोजाने त्याला गुणा. समजा रोज ३०० धरला आणि २२ दिवस भरले, तर ६६०० रुपयांचं काम तुम्ही घरच्या बागेत केलं. त्यात स्वयंपाक, धुणं, दूध काढणं धरलेलंच नाही.

ही वही भांडणात काढू नका. ती बोलणी करायच्या वेळची आहे. "मी पॅकहाऊसला गेले तर इथे एक मजूर लावावा लागेल, त्याचे एवढे जातील, मला तिकडून एवढे मिळतील" असं मांडलं की सासरे ऐकतात, कारण त्यांनाही हिशोब कळतो. कधी हिशोब उलटही येतो. पॅकहाऊसपेक्षा घरच्या बागेत राहणं परवडतं असं निघतं. तसं निघालं तर घरच्या कामाबद्दल महिन्याला ठरावीक रक्कम तुमच्या खात्यात जमा व्हावी, हे मागा. मी स्वतः हे मागणं फार महत्त्वाचं मानते.

कोणाशी, कधी

पहिलं बोलणं नवऱ्याशी आणि एकांतात. जेवताना काढू नका, सगळे कान देऊन बसलेले असतात. फवारणी करून आलेला माणूस दमलेला असतो. अवकाळी पाऊस झाला, लासलगावला कांद्याचा भाव पडला, त्या आठवड्यात विषयच नको. मोटारसायकलवर बाजाराला जाताना, रात्री पाण्याची पाळी धरायला दोघं गेलात तर बांधावर, ही चांगली वेळ. त्या वेळी नवरा एकटाच असतो, आईबापासमोर कसा दिसेन ही चिंता त्याला नसते.

थेट नकाराने सुरुवात करू नका, मुदतीने करा. "मला दुसरं नको" म्हटलं की वाद पेटतो. असं बोला: "अहो, पोरगं अजून वर्षाचंच आहे. ते तीन वर्षांचं होऊन अंगणवाडीत बसू द्या. तोवर मी शिवणाचं शिकून घेते. मग दुसऱ्याचं बघू." यात मूल, काम आणि वेळ तिन्ही आलं. नवऱ्याला आईपुढे सांगायलाही सोपं जातं.

सासूबाईंकडे वेगळ्या वाटेने जा. त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणांबद्दल विचारा. किती झाली, किती राहिली, कोणत्या महिन्यात पाटाच्या पाण्यावर होत्या, कोणी आयतं जेवायला दिलं का. "आत्याबाई, तुमच्या वेळी काय केलं हो?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. माझा अनुभव असा की ज्या सासवा नातवासाठी सर्वांत जास्त घाई करतात, त्यांतल्या कित्येकींनी एखादं मूल गमावलेलं असतं किंवा पाठोपाठच्या बाळंतपणांनी तब्येत खचलेली असते. ते बोलून झालं की दोन मुलांतल्या अंतराचा विषय त्याच काढतात. नाही काढला तर मला बोलवा. सासूबाई सुनेचं ऐकत नाहीत, पण "आशाताई म्हणत होती" हे मंदिरात जाऊन चार जणींना सांगतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायांना विचारतात की स्वतःच्या औषधपाण्याचं, घरातल्या मोठ्या खरेदीचं आणि माहेरी-नातलगांकडे जाण्याचं कोण ठरवतं. हे तीन प्रश्न स्वतःला विचारून बघा. ज्या बाबतीत तुमचं थोडंफार चालतं, तिथून सुरुवात करा. दवाखान्याचं चालत असेल, तर पाळणा लांबवण्याचं बोलणं दवाखान्याच्या वाटेनेच न्या.

पाळण्याचं: माहिती पदरात ठेवून बोला

लग्नाला वर्ष व्हायच्या आत "काही आहे का?" सुरू होतं. मुलगी अठरा पूर्ण नसेल तर ते लग्नच कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि अशा वयातलं बाळंतपण आई आणि बाळ दोघांच्या जिवाला घोर. अठरा-एकोणीसची असेल तरी थांबायला सांगा. मूल होत नाही अशी शंका घरात निघाली तर तपासणी दोघांची करायची, एकट्या सुनेची नाही.

एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहायला निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत, म्हणजे दोन मुलांत तीनेक वर्षांचं अंतर पडतं. त्यासाठी काय वापरायचं, हे तुमच्या कामाचं रूप बघून ठरवा. हे सहसा कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तांबी (कॉपर-टी) एकदा बसवली की विसरायची सोय. एक पाच वर्षं चालते, एक दहा वर्षं, आणि हवी तेव्हा काढता येते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवता येते, म्हणजे वेगळा खाडा पडत नाही. पण हा निर्णय कळा सुरू झाल्यावर करायचा नसतो. सातव्या-आठव्या महिन्यातच सिस्टरांना सांगून ठेवा.

अंतरा हे इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं. यात पाळी मागेपुढे होते, कधी बंदच होते. त्यामुळे शरीराला अपाय होत नाही, पण सासूबाईंच्या लगेच ध्यानात येतं आणि पेढ्यांची भाषा सुरू होते. म्हणून अंतरा घेण्याआधी घरात काय सांगायचं ते ठरवा. बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जातात, तेही मनात धरा. पुढच्या वर्षी मूल हवं असेल त्यांनी दुसरं काही बघावं.

छाया ही गोळी अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, दुसरी तीन दिवसांनी. तेच दोन वार पहिले तीन महिने धरायचे. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदाच, पहिल्या गोळीच्या वारी. पाळी रविवारी आली तर रविवार-बुधवार, आणि पुढे फक्त रविवार. कॅलेंडरवर त्या वारांना लहान टिंब करा. विरळणीच्या दिवसांत पहाटे निघून दिवेलागणीला परतणारी बाई रोजची माला-एन गोळी विसरते. तिला छाया किंवा तांबी बरी पडते. निरोध तर आमच्याकडे फुकट मिळतोच.

कोणतं साधन कोणाच्या तब्येतीला चालेल हे सिस्टर किंवा डॉक्टर तपासून सांगतील. रक्तदाब, कावीळ, जास्त अंगावरून जाणं, काही असेल तर लपवू नका.

आता ऑपरेशन. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या विवाहित जोडप्यांमध्ये बाईचं ऑपरेशन झालेल्यांचं प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुषाचं झालेल्यांचं ०.३ टक्के. हा आकडा मी मीटिंगमध्ये सांगते तेव्हा पुरुष मान खाली घालतात. पुरुष नसबंदीला टाका लागत नाही, पोट उघडावं लागत नाही. दोन दिवसांनी हलकं काम आणि आठवड्याने नेहमीचं काम करता येतं. "कमजोरी येते, ट्रॅक्टरवर बसता येत नाही" हे खरं नाही. एवढंच की पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं आणि मग तपासणी करून घ्यावी लागते. हिवाळ्यात बायांची ऑपरेशनं होतात, नेमका तेव्हाच विरळणीचा आणि लागवडीचा जोर असतो. टाके ओले असताना बाई ओळीत वाकून उभी असते. ते बघून माझा जीव तुटतो. म्हणून दोन मुलं झाल्यावर "कोणी करायचं" हा प्रश्न नवऱ्यासमोर मोकळेपणाने ठेवा, तुमचंच ठरलेलं आहे असं धरून चालू नका. आणि तुम्हीच करायचं ठरवलंत तर सरकारी नियमाप्रमाणे सही तुमचीच लागते, नवऱ्याची संमती लागत नाही. वय बावीसच्या वर, निदान एक मूल आणि ते वर्षाच्या पुढे, हे नियम आहेत.

मुलगा हवा म्हणून तिसऱ्याचा, चौथ्याचा आग्रह होतो. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, आईच्या कुशीवर नाही. हे सासूबाईंना, नणदांना पुन्हा पुन्हा सांगा. गर्भलिंग तपासणीला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. कोणी "ओळखीचा डॉक्टर आहे" म्हणून गाडीत बसवत असेल तर बसू नका.

नको असताना दिवस राहिले तर मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावर गोळ्या आणून खाऊ नका. रक्तस्रावाने बाया दगावतात. गर्भपात कायदेशीर आहे, १९७१ पासून. नोंदणी असलेल्या दवाखान्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने होतो. २०२१ च्या दुरुस्तीने काही ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, त्याला दोन डॉक्टर लागतात. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. कोणी नवऱ्याची सही मागितली तर मला किंवा सिस्टरांना सोबत घ्या.

नवरा काहीच ऐकत नसेल, तर साधन घरात न सांगताही घेता येतं. तुमच्याबद्दलची गोष्ट दुसऱ्या दारी न नेणं हे माझं काम आहे.

कामाला बाहेर पडायचं असेल तर

पॅकहाऊस असो, सिन्नर-अंबडची कंपनी असो, की बचत गटातर्फे पापड-शेवयांचं काम, घरात विषय काढायच्या आधी सोय लावून ठेवा. गाडी किती वाजता, परत किती वाजता, सोबत वस्तीवरची कोण आहे, पोराला तोवर कोण बघेल. "जाऊ का?" विचारलं की चार शंका निघतात. "सोमवारपासून शेजारची काकू आणि मी एका गाडीने जाऊ, पाचला घरी, पोराचं आत्याबाईंशी बोलले आहे" असं म्हटलं की निम्म्या शंकांची उत्तरं आधीच दिलेली असतात.

पहिला पगार हातात यायच्या आत त्याचं काय करायचं ते ठरवा. काही भाग घरात, काही तुमच्या खात्यात. लाडक्या बहिणीचे १५०० असोत की पहिल्या बाळंतपणाचे मातृवंदना योजनेचे ५०००, खातं तुमच्या नावाचं असतं. पासबुक आणि एटीएम कार्डही तुमच्याच पेटीत हवं. बचत गटाचं कर्ज नवऱ्यासाठी उचलायचं असेल तर कशाला, किती, हप्ता कोण भरणार, हे गटाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलून घ्या. हप्ता थकला की दारात तुमचंच नाव घेतलं जातं.

गरोदर असताना फवारणीच्या ओळीत, औषध कालवायला, छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावायला जाऊ नका. घरच्या बागेतही नाही. पेठ-सुरगाण्याहून पोटुशी बाई कामाला आली असेल तर तिने माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आणावं. ते दाखवलं की इथेही लस आणि तपासणी होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. त्या दिवशीचा रोज बुडेल, तो बुडू द्या. मुकादमाला आदल्या दिवशी सांगा.

कागदावर नाव

आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, १९८६ साली शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. बायकोच्या नावावर जमीन करणाऱ्या लक्ष्मीमुक्तीची चळवळ त्यानंतरची. सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराला दोघांची नावं लागतात. तलाठ्याकडे आणि ग्रामसेवकाकडे जाऊन विचारा. नाव असलेल्या बाईला विहिरीच्या कर्जाच्या वेळी सहीसाठी बोलवावंच लागतं, आणि सहीला बसली की ती विचारतेच. नवरा तयार नसेल तर घरापासून सुरुवात करा, जमिनीचं नंतर.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी, हा नियम आहे. अंगणवाडीची वेळ बागेच्या कामाला जुळावी, उपकेंद्रात सिस्टर ठरल्या दिवशी असाव्यात, हे तिथे मांडा. एकेकटीने सासूशी भांडून जे मिळत नाही, ते कधीकधी ठरावाने मिळतं.

हात उचलला जात असेल तर

तिथे कॅलेंडर आणि हिशोब चालत नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. घरातल्या हिंसेविरुद्ध २००५ चा कायदा आहे, त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. मला सांगा, मी सोबत येईन. साधन वापरू न देणं, मुलासाठी मारहाण, पगार हिसकावणं, हेही त्या कायद्यात छळच धरलं जातं.

"बघू" म्हणाले तर

पहिल्या बोलण्यात होकार क्वचितच येतो. नवरा "बघू" म्हणाला की तिथेच तारीख मागा: "पोळ्यापर्यंत सांगाल ना?" ती तारीख कॅलेंडरवर त्याच्यादेखत लिहा. तोवर पुन्हा विषय काढू नका आणि तारीख आली की काढल्याशिवाय राहू नका. मधल्या दिवसांत पाळणा लांबवण्याचं साधन चालू ठेवा, नाहीतर उत्तर यायच्या आत दिवस राहतात आणि सगळी बोलणी तिथेच थांबतात.

उपकेंद्रात याल तेव्हा शेवटच्या पाळीची तारीख, आधीच्या बाळंतपणाचं कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या. सासूबाई सोबत येतो म्हणाल्या तर आणा. त्यांना बाहेर बाकावर बसवून मी आधी तुमच्याशी एकटीशी बोलेन, मग तुम्ही म्हणाल तेवढंच त्यांच्यासमोर बोलेन.